खाऱ्या हवेतले खुंटाळे

मालवण किनाऱ्यावरच्या घरात भिंतीचे खुंटाळे निखळते ते बहुधा वजनाने नव्हे, गंजाने. फळी धड, खुंट्या धड, आणि ऐन आषाढात ओल्या रेनकोटांसकट सगळे जमिनीवर. पडलेली फळी उलटून पाहिली की कारण कळते. स्क्रूचे डोके वरून ठीक असते. पण फळी आणि भिंत यांच्या सांध्यात ओल धरून त्याची मान काडीएवढी झालेली असते आणि भोवतीचे लाकूड निळसर काळे पडलेले असते. लोखंड आणि लाकडातील टॅनिन ओलाव्यात एकत्र आले की हा शाईसारखा डाग पडतो. आईनाच्या फळीत तो फार लवकर धरतो, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर उतरला तर सहजी जात नाही.

म्हणून लाकडाच्या आधी विचार करावा लागतो तो स्क्रूचा. जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू घाटावर वर्षानुवर्षे चालतो, समुद्राकाठी मात्र मुलामा लवकर उडतो. 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर खाऱ्या हवेत चहासारखे तांबूस डाग येतात, तरी घराच्या आत ते पुरते. पडवी थेट समुद्राच्या तोंडावर असेल तर 316 प्रत घ्यावी. तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती मिठाला सहजासहजी दाद देत नाही. पितळी स्क्रू दिसायला देखणा आणि गंजत नाही, पण मऊ. कठीण लाकडात सरळ पिळला तर डोके तुटून हातात येते. त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी पिळून काढावा आणि मग त्या तयार वाटेने, आट्यांना मेण किंवा साबण लावून, पितळी बसवावा.

दुसरा घोळ भिंतीचा. जांभ्याचा चिरा बाहेरून दणकट दिसला तरी एकसारखा नसतो. लोहाच्या कडक जाळीत मऊ पिवळट मातीचे कप्पे असतात. ड्रिल ठोक्यावर ठेवून भोक पाडले की हे कप्पे ढासळतात, सहा मिलिमीटरचे भोक दहाचे होते आणि प्लास्टिकचा रॉवल प्लग आत नुसता गरगर फिरतो. ठोका बंद करून, बारीक बिटाने सुरुवात करून भोक वाढवत न्यावे आणि फुंकून धूळ पूर्ण काढावी. बाहेर येणारा भुगा लालसर आणि खरखरीत असेल तर जागा चांगली. पिवळी पिठूळ माती येऊ लागली तर भोक दोन-तीन इंच सरकवावे. चिऱ्यांचा सांधा तर टाळावाच, विशेषतः मातीत बांधलेल्या जुन्या घरात. चांगली जागा कुठेच मिळत नसेल तर चौकोनी खाच कोरून तीत लाकडी गिट्टी सिमेंटमध्ये बसवावी. गिट्टी आतल्या बाजूला थोडी रुंद ठेवली की ती बाहेर सरकत नाही. ही गवंड्यांची जुनी पद्धत वेळखाऊ खरी, पण चिऱ्यात तिच्याइतके भरवशाचे क्वचितच काही सापडते.

जागा निवडताना पश्चिम आणि नैर्ऋत्य भिंती वगळाव्यात. पावसाचा मारा त्याच बाजूंनी येतो आणि भिंत आतपर्यंत पाझरते. पडवी आणि माजघर यांच्यामधली भिंत सर्वांत सोयीची. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये. भिंतीतली वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते.

कोकणात कोट कुणी घालत नाही. खुंटाळ्यावर येतात रेनकोट, छत्र्या, पंचे, बाजाराच्या पिशव्या आणि हल्ली हेल्मेट. हे सगळे मिळून 15 किलो धरले आणि भार भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर लटकतो असे मानले, तर फळी खालच्या कडेवर टेकून वरून सुटू पाहते. स्क्रू त्या कडेपासून 5 सेंटिमीटरवर असतील तर त्यांना मिळून 30 किलोची ओढ बसते. 12 सेंटिमीटरवर असतील तर साडेबारा किलोची. त्यामुळे मुख्य स्क्रू फळीच्या वरच्या कडेला, आणि खुंटी लागेल तेवढीच लांब.

फळीला साग उत्तम. फणस आणि शिवणही चालते. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण त्याला भुंगा आणि बुरशी लवकर धरते. 15 सेंटिमीटर रुंदीची फळी पावसाळ्यात एखाद-दोन मिलिमीटर फुगते. वरच्या स्क्रूंची भोके गोल आणि खालच्यांची उभी लांबट ठेवली की तिला हलायला वाव मिळतो. नाहीतर ती मधोमध चिरते.

खुंट्यांसाठी सावंतवाडीच्या चितारआळीची आठवण होणे साहजिक आहे. तिथली लाखेने रंगवलेली कातीव कामे सुंदर असतात, पण ओल्या कपड्यांखाली लाख पांढुरकी पडते, तेव्हा अशा खुंट्या माजघरात शोभतात, पडवीत नव्हे. खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा तर खुंटीला फारच मऊ. खुंटीचे रेषे तिच्या लांबीच्या दिशेने असावेत, आडवे असले की ती झटक्यासरशी मोडते. उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की नुसती ठोकलेली खुंटी गळून पडते. म्हणून भोक आरपार पाडून खुंटीचे टोक मागून चिरावे आणि तिथे पाचर मारावी. पाचर फळीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेने मारली तर फळीच फुटते. खुंटीचे तोंड पाच ते दहा अंश वर, दोन खुंट्यांत वीस सेंटिमीटर अंतर, रेनकोट असतील तर थोडे अधिक. मोठ्यांसाठी उंची 160 ते 170 सेंटिमीटर, मुलांसाठी वेगळी फळी 110च्या आसपास.

काजूच्या टरफलाचे तेल होडीला लावतात म्हणून खुंटाळ्याला लावण्याचा मोह आवरावा. त्याने कातडीवर फोड येतात आणि कपडे डागाळतात. जवसाच्या कच्च्या तेलावर दमट हवेत बुरशी माजते. बाहेरच्या कामाचे चांगले व्हार्निश घ्यावे आणि ते समोरून द्याल तितकेच पाठीला आणि कापलेल्या टोकांनाही द्यावे. एकाच बाजूने रंगवलेली फळी ओल एकाच बाजूने पिते आणि वाकते. तेला-व्हार्निशने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवाव्यात.

बसवताना फळी भिंतीला चिकटवू नये. प्रत्येक स्क्रूवर सेंटिमीटरभर जाडीची नायलॉनची चकती घालून मागे फट ठेवावी. हवा खेळते, पाणी साचत नाही आणि वाळवीची मातीची नळी वर चढू लागली तर वेळीच दिसते. अखंड चिकटवलेल्या फळीमागे तीच वाळवी अर्धी फळी पोखरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. गणपतीआधीच्या साफसफाईत या फटीतून बॅटरीचा उजेड टाकावा, स्क्रूच्या माना पाहाव्यात आणि एखादा तांबूस दिसला तर पुढच्या पावसाची वाट न पाहता बदलावा.