आमची सर्व हकीकत

शास्त्रभाग : कलस्सैकरांस पत्र ४:७-१८



पौलाच्या पत्रांचा शेवटचा अध्याय आपण बहुधा घाईने उरकतो. सिद्धांत संपला, बोध संपला. आता उरली नावे आणि सलाम, असे आपल्याला वाटते. परंतु ज्या पवित्र आत्म्याने पहिल्या अध्यायातील ख्रिस्ताचे गौरव लिहविले, त्यानेच चौथ्या अध्यायातील माणसांच्या खबरीही आपल्यासाठी राखून ठेवल्या आहेत. दूरच्या प्रियजनांस आपली हकीकत का व कशी कळवावी, याचा धडा या बारा वचनांत आहे.

१. हकीकत कळविणे ही सेवा आहे

पौल बंदिवान होता. परंपरेप्रमाणे हे पत्र रोमहून गेले. रोमी साम्राज्यात सरकारी टपाल होते, पण ते राज्यकारभारापुरते. सामान्य माणसास त्या वाटेने जाणारा भरवशाचा मनुष्य शोधावा लागे. पौलाने आपल्या मोजक्या सोबत्यांतून तुखिकाला निवडले आणि समुद्र व डोंगर ओलांडून आशियात पाठविले. पत्राबरोबर तोंडी हकीकत सांगण्याचे कामही त्याच्याकडे होते.

सात ते नऊ या तीन वचनांत पौल तीच गोष्ट तीन प्रकारे सांगतो : माझ्याविषयीचे सर्व, आमच्याविषयीचे, आणि येथले सर्व. इफिसकरांस पत्राच्या शेवटीही (६:२१-२२) जवळजवळ हेच शब्द आहेत. येथे 'कळविणे' यासाठी 'ग्नोरिझो' हे ग्रीक क्रियापद आहे. पहिल्या अध्यायात (१:२७) देव आपले रहस्य पवित्र जनांना कळवितो, तेथेही तेच क्रियापद आहे. शब्द साधा आहे. त्यातून मोठा सिद्धांत काढू नये. तरी एवढे दिसते की, देवाचे रहस्य कळविणाऱ्या पत्रात आपली हकीकत कळविण्यास जागा देणे पौलाला कमीपणाचे वाटले नाही. हेतूही तो सांगतो : तुमच्या अंतःकरणांना धीर मिळावा.

२. घराची वेस रुंदावली

त्या काळची साधी कौटुंबिक पत्रे ईजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिली आहेत. दुसऱ्या शतकातील अपिओन नावाच्या तरुणाची दोन पत्रे प्रसिद्ध आहेत. ईजिप्तमधील फिलाडेल्फिया गावचा हा मुलगा रोमी आरमारात भरती होऊन इटलीतील मिसेनुम बंदरावर गेला. पहिल्या पत्रात तो वडिलांना कळवितो की, समुद्रावर संकट आले पण आपण वाचलो, वाटखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली, आणि आपले नाव आता अंतोनियस माक्सिमस असे झाले आहे. स्वतःचे चित्रही तो पाठवितो. काही वर्षांनंतरचे दुसरे पत्र बहिणीला आहे. त्यात पत्नीचा व मुलाचा सलाम आहे. वडिलांचा उल्लेख मात्र नाही. बहुधा ते तोवर वारले असावेत. एका आयुष्यातील केवढी स्थित्यंतरे त्या दोन पानांत आली आहेत!

पौलाच्या पत्राचा साचा तोच आहे, परंतु एक मोठा फरक आहे. अपिओन रक्ताच्या नात्यांना लिहितो. कलस्सै येथील पुष्कळांनी तर पौलाचे तोंडही पाहिले नव्हते (२:१). तरीही तो त्यांना घरच्या माणसांप्रमाणे 'सर्व' कळवितो. ख्रिस्तामध्ये घराची वेस अशी रुंदावली आहे.

३. 'सर्व' म्हणजे काय काय

(अ) बदललेली माणसे. तुखिकाबरोबर अनेसिम येत आहे. गेला तेव्हा तो फिलेमोनाचा दास होता. आता पौल त्याला प्रिय बंधू आणि 'तुमच्यातलाच' म्हणतो. मार्काचीही खबर आहे. पंफुल्यातून तो अर्ध्यावर परतला होता, आणि त्याच्यावरून पौल व बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला होता (प्रे. कृ. १३:१३, १५:३७-३९). आता तो पौलाजवळ आहे, आणि आल्यास त्याचा स्वीकार करावा अशी सूचना आहे. जुनी वार्ता ऐकलेल्यांना नवी वार्ता कळविणे हा न्याय आहे. नाही तर मनुष्य सुधारतो आणि त्याचे नाव मात्र दूरच्या गावी डागाळलेलेच राहते.

मार्काचे बर्णबाशी नाते सांगणारा 'अनेप्सिओस' हा शब्द भाषांतरकाराला थांबवितो. मराठीत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ यांतून निवड करावी लागते. ग्रीक शब्द आईकडचा की वडिलांकडचा हे सांगत नाही. पण नाते सांगितले आहे, हे महत्त्वाचे. खबर देताना पौल माणसाला त्याच्या कुटुंबासह उभे करतो.

(ब) दुखणी. फिलिप्पैकरांस पत्रात (२:२५-३०) एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन आला हे पौल लपवीत नाही. आपल्या आजाराची बातमी घरी पोहोचली म्हणून एपफ्रदीत व्याकूळ झाला होता. अर्धी बातमी काळजी वाढविते. म्हणून पौल पुरी बातमी देतो आणि त्यालाच परत पाठवितो.

(क) अपयश. देमासाचे येथे (४:१४) केवळ नाव आहे. पुढे तीमथ्याला लिहिताना (२ तीम. ४:१०) तो आपल्याला सोडून गेला, हे दुःख पौल उघडपणे सांगतो.

येथे एक विवेकही आहे. हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जाणार होते, आणि लावदिकीया येथेही (४:१६). म्हणून सर्व काही कागदावर नाही. पुष्कळसे तुखिकाच्या तोंडी ठेवले आहे, आणि त्याला पौल प्रिय बंधू व विश्वासू सेवक म्हणतो. काही गोष्टी सर्वांसमोर वाचण्याच्या असतात, काही विश्वासू माणसाने जवळ बसून सांगण्याच्या.

४. खबर हीच सुवार्ता

थेस्सलनीकाहून तीमथ्य परतला आणि तेथील बंधुजनांचा विश्वास, प्रीती व पौलाला भेटण्याची त्यांची ओढ यांची बातमी त्याने आणली (१ थेस्स. ३:६). येथे पौलाने सुवार्ता सांगण्याचे क्रियापद वापरले आहे. एरवी ते तो ख्रिस्ताच्या सुवार्तेसाठी वापरतो. येथे ते मित्रांच्या कुशल वर्तमानाला लाभले आहे. ती ऐकून आपल्या जिवात जीव आला, अशा अर्थाचे तो लिहितो. प्रेषितालाही आपल्या माणसांच्या खबरीची अशी गरज होती.

आपल्यासाठी

वाचकहो, आपली मराठी मंडळी आज दूरवर पसरली आहे. अहिल्यानगर, जालना, नाशिक किंवा वसईतील कुटुंबे नोकरीनिमित्त इंदूर, बडोदा, बंगळूर, दिल्ली येथे राहतात. फोन हाताशी आहे. सकाळी वचन येते, नाताळात शुभेच्छा येतात, आणि 'कसे आहात?' या प्रश्नाला 'प्रभूच्या कृपेने सर्व ठीक' हे उत्तर ठरलेले असते. त्या उत्तराआड कधी मुलाची गेलेली नोकरी असते, कधी मोडू लागलेला संसार. जिच्या लग्नात आपण गीत गाइले, ती दोन वर्षांपूर्वी विधवा झाली, हे आपल्याला तिसऱ्याकडून कळते. ती दोन वर्षे तिच्यासाठी कोणी नाव घेऊन प्रार्थना केली? प्रभूची कृपा खरीच आहे. परंतु तिचे नाव पडद्यासारखे वापरू नये. पौलाने बेड्या सांगितल्या (४:१८), आणि कृपाही सांगितली.

या आठवड्यात ज्याची खबर वर्षभर घेतली नाही अशा एका स्नेह्याला पत्र लिहा अथवा निवांत फोन करा. घरातील प्रत्येकाची नावाने चौकशी करा. आपलेही 'सर्व' सांगा. मग त्याच नावांनी प्रार्थना करा. एपफ्रस आपल्या गावच्या लोकांसाठी अशीच झुंज देत होता (४:१२).

मननासाठी प्रश्न

१. माझ्या जीवनातील कोणता बदल मी दूरच्या प्रियजनांपासून लपविला आहे, आणि का?
२. माझ्या मनात कोणा 'मार्का'ची जुनीच बातमी राहिली आहे काय?
३. माझ्याजवळ सांगितलेली गोष्ट तुखिकाजवळ होती तशी सुरक्षित असते काय?