गोळी तीच, पण विरघळते कशी?

अपस्माराच्या रुग्णाची कार्बामाझेपिनची गोळी बदलली की "औषध तेच आहे ना?" असा प्रश्न आमच्या औषध विभागात हमखास येतो. 200 मिलिग्रॅम हा आकडा दोन्ही वेष्टनांवर असतो; परंतु हे औषध पाण्यात अल्प विद्राव्य असल्याने विरघळण्याचा वेग बदलल्यास रक्तातील प्रमाण बदलते, व थांबलेले झटके पुन्हा येऊ शकतात. अशा जेनेरिक औषधांस 2017 पासून भारतात जैवसमतुल्यता सिद्ध करणे बंधनकारक आहे.

त्या अभ्यासात स्वयंसेवकांना गोळी देण्यापूर्वी मूळ व नव्या औषधाच्या प्रत्येकी 12 गोळ्या 37 अंश सेल्सिअसच्या द्रवात ढवळून, ठराविक मिनिटांनी किती टक्के औषध विरघळले ते मोजतात. शिरपूर, चोपडा येथील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हे परिचित आहेच. दोन आलेखांचे साम्य 'एफ-2' गुणांक सांगतो. प्रत्येक बिंदूवर 10 टक्के फरक असल्यास तो सुमारे 50 येतो. त्याहून कमी आल्यास आलेख असमान. मात्र 85 टक्क्यांपुढचे अनेक बिंदू धरल्यास गुणांक उगाच फुगतो. तेथे एकच बिंदू घ्यावा.

पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याहून येणाऱ्या रुग्णांना आम्ही या गोळ्या वेष्टनातून काढून डबीत ठेवू नका, असे बजावतो. ओलसर हवेत गोळी कठीण होते व तिचा आलेख खाली घसरतो.