शाळेचा दाखला काढण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आणि मुलगी पहिलीत आहे. माझी जाऊ टेक्सासमध्ये असते. तिने तिन्ही मुलं शाळेतून काढून घरी शिकवायला घेतली आहेत; त्यांच्या मंडळीतली बरीच कुटुंबं असंच करतात म्हणे. आमच्या मुलाच्या तोंडी हल्ली शिव्या येतात, वर्गातली मुलं मोबाइलवर काय काय बघतात तेही तो सांगतो. जाऊ म्हणते, देवाने मुलं आपल्या हाती सोपवली आहेत, सरकारच्या नाही. मी बी. ए. झाले आहे, नोकरी करत नाही. आपल्याकडे असं करणं कायद्यात बसतं का? आणि ख्रिस्ती आई म्हणून माझं कर्तव्य काय?
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : ताई, कायद्याचं आधी सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम १० प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा काय, याची तरतूद त्यात नाही आणि घरी शिकवण्याचा साधा उल्लेखही नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे काही कुटुंबं हे उघडपणे करतात. अशी मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसू शकतात. थोडक्यात, पोलीस दारात येणार नाहीत. पण कायद्याने पाठीवर हात ठेवलाय असंही समजू नका.

तुमच्या जाऊबाईंची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३च्या निकालांनी सरकारी शाळांमधली शाळेने घ्यायची प्रार्थना आणि शास्त्रवाचन बंद केलं. ते तिथल्या अनेक ख्रिस्ती आईबापांच्या मनाला लागलं. १९७०-८०च्या दशकांत घरच्या शिक्षणाची चळवळ वाढली, त्यामागे हेही एक कारण होतं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९४ साली घरची शाळा म्हणजे खासगी शाळाच, असं मान्य केलं. आज तिथल्या आईला तयार पुस्तकांचे संच मिळतात, आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र आणणारे पालकांचे गट मिळतात, अडचणीला धावणारं चर्च मिळतं. नगरमध्ये यातलं काय मिळेल, हे जाऊबाईंना ठाऊक असायचं कारण नाही.

आता कर्तव्याचं. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना देवाचं वचन शिकवण्याचं जे काम आईबापांवर सोपवलंय ते दिवसभराचं आहे आणि ते शाळेवर, पाळकसाहेबांवर किंवा संडे स्कूलवर ढकलता येत नाही. एवढं मी ठामपणे म्हणते. पण गणित-भूगोल कोणी शिकवायचा, याबद्दल तो अध्याय काही सांगत नाही. मूल दहा ते पाच शाळेत असलं तरी सकाळचा चहा, संध्याकाळची प्रार्थना, रविवारी उपासनेहून परतताना रस्त्यात निघालेला विषय हे सगळं तुमच्याच हातात राहतं. रोजची कौटुंबिक प्रार्थना घरात होत नसेल, तर मुलं शाळेतून काढल्याने ती आपोआप सुरू होणार नाही.

आपल्या लोकांचं शाळेशी असलेलं नातंही टेक्साससारखं नाही. सिंथिया फॅरार १८२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला त्यांच्याकडेच आल्याचं चरित्रकार सांगतात. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना बसू देत नव्हते, अशा कितीतरी घरांत पहिली अक्षरं मिशनच्या शाळेतून आली. शाळा म्हणजे मुलाला आपल्यापासून हिरावणारी जागा, हे मला म्हणूनच आपल्या अनुभवाशी जुळणारं वाटत नाही.

पंडिता रमाबाई मात्र घरी शिकल्या होत्या, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. खरं आहे. आई लक्ष्मीबाईंनी तीर्थयात्रेत फिरता फिरता त्यांना संस्कृत शिकवलं. पण लक्ष्मीबाई स्वतः पतीकडून संस्कृत शिकलेल्या होत्या आणि अशा मुलीला शिकवणारी शाळा तेव्हा नव्हतीच. त्याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते इतर बायका-मुलींना शिकता यावं म्हणून.

तेव्हा शिकवणारी तयार आहे का, हे पाहा. मुलगा पाचवीत गेलाय असं धरा. सकाळचे साडेदहा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश लिहितो. चूक म्हणायला क्षणभर पुरे. पण अर्ध्यात आणखी काही घातलं तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल, हे त्याला स्वतःला दिसेपर्यंत पोळीचे तुकडे करत अर्धा तास बसावं लागतं. तेवढ्यात मुलगी जोडाक्षराशी अडलेली असते, कुकर शिट्ट्या देत असतो आणि दारात गॅसवाला उभा असतो. असा अर्धा तास रोज, न चिडता, आठवीच्या विज्ञानापर्यंत. काही आया हे फार सुंदर करतात. बी. ए. असणं त्याच्या आड येत नाही. धीर संपणं येतं.

शिव्यांची तुमची काळजी मी हलकी मानत नाही. वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा, मोबाइल कोणाचा आणि कुठे बघतात ते विचारा, त्याच्या दोन-तीन मित्रांना घरी खेळायला बोलवा. ‘त्याला तिथे प्रकाश होऊ द्या’ असं म्हणणारेही भेटतील. नऊ-दहा वर्षांच्या पोरावर मोठ्यांनी तो भार टाकू नये. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध मुलांबरोबर डबा खाण्याची सवय त्याला लहानपणीच लागावी असं मला मनापासून वाटतं, कारण जन्म त्याला त्यांच्यातच काढायचा आहे.

मुलाचा शाळेत छळ होतोय आणि शाळा ढिम्म आहे, वाचन-लेखनाची अडचण आहे आणि शाळा मदत करत नाही, मोठं आजारपण आहे, असं काही असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तुमच्या पत्रात भीती दिसते, आणि नुसत्या भीतीवर दाखला काढू नये असं माझं मत आहे. आणखी एक : पत्रात यजमानांचा एक शब्दही नाही, मुलाचाही नाही. त्यांना विचारलंत का?

या मे महिन्यात रोज सकाळी दोन तास दोघांना घेऊन बसा. मुलाला गणित, मुलीला वाचन, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. जूनमध्ये यजमानांसह ठरवा. तरीही घरी शिकवायचं ठरलं, तर दाखला आणि प्रगतिपुस्तकं सांभाळून ठेवा, मुलांच्या वह्यांवर तारखा घाला. नाही जमलं तर याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात परत प्रवेश मागता येतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे.