मॅच दिसत नाही म्हणून केबलवाल्यावर धावून जाण्याआधी

फेब्रुवारी 2023 मध्ये देशातल्या कोट्यवधी केबलच्या घरांतून बड्या कंपन्यांच्या पैसे भरून पाहायच्या वाहिन्या एकाएकी गायब झाल्या. आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या केबलवरूनही गेल्या. महाशिवरात्रीचा शनिवार. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी ऐन रंगात आली होती. दुसऱ्या दिवशी, शिवजयंतीच्या रविवारी सकाळी, जडेजाच्या फिरकीपुढे त्यांची पळापळ झाली. डावात त्याचे 42 धावांत 7 बळी, आणि पाहुणे 113 वर गारद. आमच्या टपरीवरच्या टीव्हीवर मात्र काळा पडदा आणि मधोमध ‘वाहिनी उपलब्ध नाही’ एवढीच ओळ. रात्रपाळी करून आलेले विणकर, केसांत अजून सुताची पांढरी तूस, चहाचा ग्लास हातात धरून त्या पडद्याकडे बघत उभे होते. कुणीतरी मोबाइलवर नुसता धावफलक वाचून दाखवत होतं.

नेमका त्याच वेळी वसुलीला आलेला केबलचा पोरगा सगळ्यांच्या तावडीत सापडला. “वरूनच बंद हाय अण्णा, माझ्या हातात काय नाय,” एवढंच तो सांगत राहिला. ते खरं होतं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो, त्यामुळे कामगार पावत्या घेऊन माझ्याकडेच येतात. तेव्हा शोधून जे कळलं आणि पुढे ज्याचा उपयोग झाला, ते इथे मांडतो.

आपण गल्लीतल्या केबलवाल्याला पैसे देतो. तो ज्याच्याकडून सिग्नल घेतो तो मोठा पुरवठादार वेगळा आणि वाहिनीची मालक कंपनी आणखी वेगळी. नव्या दरांचे करार करायला मोठे पुरवठादार तयार नव्हते. हा बोजा ग्राहकावर पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपन्यांनी नोटिसा दिल्या आणि मुदत संपताच सिग्नल तोडला. काही दिवसांनी तडजोड झाली, वाहिन्या परत आल्या. भांडण त्या दोघांचं, पण महिन्याचे पैसे आगाऊ भरून बसलेला माणूस आपला. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की क्रीडावाहिन्यांचे पैसे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम भरू नका, सवलत कितीही गोड वाटली तरी. महिन्याचे महिन्याला भरा आणि पावती मागाच. पावतीवर कोणती वाहिनी किती रुपयांना हे लिहिलेलं हवं. प्रत्येक पैशाच्या वाहिनीची कमाल किंमत ठरलेली असते. ती सेट टॉप बॉक्सच्या यादीत दिसते आणि कर सोडला तर केबलवाला त्या वाहिनीपोटी त्यावर एक रुपयाही जास्त घेऊ शकत नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने हवी ती वाहिनी सुटी घ्यायची मोकळीक दिली आहे. तरी आमच्याकडे अजून कितीतरी घरांत कुणी पाहत नसलेल्या वाहिन्यांचा गठ्ठा चालू असतो. मॅचसाठी एक वाहिनी हवी असेल तर एकच घ्या, मालिका संपली की बंद करा. वाहिनी बंद होती त्या दिवसांचे पैसे कापून घ्या म्हणून आधी केबलवाल्याकडे रीतसर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

दुसरा घोटाळा दूरदर्शनचा. “भारताची मॅच हाय, डीडीवर लागणारच,” असं म्हणून केबलवर डीडी स्पोर्ट्स लावून बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायचा कायदा 2007 चा आहे, हे खरं. पण ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा वाटून मिळालेला सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणात आणि डीडी फ्री डिशवरच दाखवावा. खासगी केबल आणि खासगी डिशवर तो जाता कामा नये. त्यामुळे तीच वाहिनी शेजाऱ्याच्या फ्री डिशवर सामना दाखवते आणि तुमच्या केबलवर दुसराच कार्यक्रम लागतो. यात केबलवाल्याची लबाडी नाही. 2023 च्या विश्वचषकात भारताचे सामने फ्री डिशवर दिसले ते याच वाटेने. आयपीएल राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीत बसत नाही, तिच्यासाठी फ्री डिशच्या भरवशावर राहू नका.

तरीही कुंभारीकडच्या घरकुलांतून कामाला येणाऱ्यांना मी फ्री डिश घ्यायलाच सांगतो. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, पुढे महिन्याचं भाडं नाही. विडी वळून नाहीतर मागावर उभं राहून घर चालवणाऱ्या माणसाला भारताच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांसाठी दर महिन्याला पैसे मोजायला लावणं मला पटत नाही. तो कायदा त्याच्याचसाठी केलेला आहे. त्याचा फायदा त्याने घ्यावा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लिंकांची. वाहिनी गेली की तासाभरात व्हॉट्सॲपवर ‘फुकट लाइव्ह मॅच’चे संदेश फिरू लागतात. आमच्या शेडमधल्या एका तरण्या पोराने असंच एक ॲप उतरवून घेतलं, ‘नोंदणीचा एक रुपया’ भरताना आलेला ओटीपी दिला आणि खात्यातला आठवड्याचा पगार गेला. मॅच दिसलीच नाही. खेळ दाखवायचा हक्क ज्या कंपनीकडे आहे, तिच्याच ॲपवर तो अधिकृतपणे दिसतो. ते ॲप फोनच्या प्ले स्टोअरमधूनच घ्या, संदेशातल्या लिंकवरून कधीच नाही. ॲपचं धोरणही बदलतं. 2023 ची आयपीएल मोबाइलवर फुकट होती, 2025 मध्ये मात्र पूर्ण हंगामासाठी पैसे लागले. म्हणून मालिका सुरू व्हायच्या आधी हक्क कुणाकडे आणि दर काय, एवढं विचारून घ्यावं. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा, बँकेला कळवा. पहिल्या तासात कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. त्या पोराने घरी कळू नये म्हणून दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.