निरोप्या हुकूम पाळू लागतो तेव्हा

जून महिना उजाडला की नागपूरच्या प्रतापनगरात, शहरातील इतर वस्त्यांप्रमाणेच, सेवा केंद्रांपुढे विद्यार्थी व पालक यांची रांग लागते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला अधिवासाचा. अर्ज भरला जातो, शुल्क बँकेतून वळते होते, पावती निघते, आणि अर्जदार घरी पोचण्यापूर्वीच त्याच्या भ्रमणध्वनीवर ‘अर्ज प्राप्त झाला’ असा संदेश येतो. अशा व्यवहारातील ही निरनिराळी कामे निरनिराळे संगणक करीत असतात. मोठ्या यंत्रणांमध्ये ते पुष्कळदा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये एक निरोप्या असतो. संगणकशास्त्रात त्याला ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात. आपण त्याला संदेश-मध्यस्थ म्हणू.

शासकीय कार्यालयातील आवक-जावक शाखा ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या मध्यस्थाचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आलेले टपाल घ्यावे, नोंदवहीत चढवावे आणि संबंधित टेबलावर पोचते करावे. टेबलावरील लिपिक रजेवर असेल तर टपाल थांबते, पण गहाळ होत नाही. संदेश-मध्यस्थही असेच करतो. घेणारा संगणक बंद असला तर निरोप रांगेत ठेवतो आणि तो सुरू होताच त्याच्या हवाली करतो. ज्या निरोपाचा बटवडा होऊच शकत नाही, त्यासाठी ‘डेड लेटर’ नावाची निराळी रांग असते. हे नाव थेट टपाल खात्याकडून उचलले आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकासारख्या कला शाखेच्या पदवीधराला विशेष सुखावून गेली.

आवक-जावक शाखेचा एक दंडक असतो. टपालातील मजकुराचा अंमल तिने करायचा नसतो. ते काम ज्याच्या त्याच्या टेबलाचे. हा दंडक मोडला गेल्यास काय ओढवते, याचा अनुभव २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांना आला.

‘अपाची ॲक्टिव्हएमक्यू’ हा जावा भाषेत लिहिलेला, कोणालाही विनामूल्य वापरता येणारा संदेश-मध्यस्थ आहे. त्याच्याशी बोलणाऱ्या संगणकाला काही अडचण आली तर तो त्रुटीचा निरोप धाडू शकतो. या निरोपात मुख्यतः दोन गोष्टी असतात : त्रुटीच्या प्रकाराचे नाव आणि एक ओळ मजकूर. निरोप मिळताच मध्यस्थ त्या नावाचा नमुना आपल्या कपाटातून काढतो आणि त्यात ती ओळ भरतो. येथवर सारे सरळ आहे. परंतु सांगितलेला नमुना खरोखरच त्रुटी-अहवालाचा आहे की नाही, हे पाहण्याची तरतूदच कार्यक्रमात नव्हती. कपाटात तर इतरही अनेक नमुने होते. त्यांपैकी ‘स्प्रिंग’ या बहुप्रचलित साहाय्यक संचातील एक नमुना असा होता की, त्यात एखादा पत्ता भरला की तो त्या पत्त्यावरून सूचनांची संचिका आपण होऊन मागवी आणि तीत लिहिल्याप्रमाणे कामाला लागे. हल्लेखोराने नमुन्याच्या जागी हे नाव आणि मजकुराच्या जागी स्वतःच्या संगणकाचा पत्ता लिहिला की झाले. बाहेरच्या माणसाच्या आज्ञा आतल्या संगणकावर, मध्यस्थाच्या अधिकाराने, चालू लागत. त्याला परवलीचा शब्दही लागत नसे, कारण ओळख पटवण्याआधीच हे सारे घडून जाई. परकी आज्ञा अशा रीतीने आत शिरवण्याला ‘कोड इंजेक्शन’ म्हणजे आज्ञा घुसवणे असे म्हणतात.

या दोषाची नोंद सीव्हीई-२०२३-४६६०४ या क्रमांकाने झाली आणि गांभीर्याच्या मोजपट्टीवर अपाची संस्थेने त्याला १० पैकी १० गुण दिले. दुरुस्ती म्हणाल तर थोडक्या ओळींची : नमुना त्रुटीचाच आहे ना, हे आधी तपासा. ती ५.१५.१६, ५.१६.७, ५.१७.६ आणि ५.१८.३ या आवृत्त्यांत करण्यात आली. मात्र दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे दोष कोठे होता हेही जाहीर होणे. २७ ऑक्टोबरलाच हल्ल्यांच्या खुणा दिसू लागल्या. ‘हॅलोकिट्टी’ जातीच्या खंडणीखोर कार्यक्रमाने संचिका कुलूपबंद करून पैसे मागण्याचे प्रयत्न झाले. पुढे ‘किन्सिंग’ने परक्यांच्या संगणकांना आभासी चलन काढण्याच्या कामाला जुंपले. २ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने प्रत्यक्ष गैरफायदा घेतल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्या सुमारास दुरुस्ती न केलेले आणि इंटरनेटवर उघडे असलेले असे तीन हजारांहून अधिक मध्यस्थ आढळून आले होते. ज्या दरवाजाने हे निरोप येतात त्याचा क्रमांक सामान्यतः ६१६१६ असतो. हा दरवाजा कार्यालयाच्या आतल्या बाजूचा. तो रस्त्यावर उघडा ठेवण्याचे बहुतेक ठिकाणी काहीच कारण नसते.

हे एकट्या ॲक्टिव्हएमक्यूचे दुखणे नव्हे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘रॉकेटएमक्यू’ या मध्यस्थातही आज्ञा घुसवता येतात असे उघड झाले होते. तेथे मांडणीचे तपशील बदलण्याची मुभा ओळख न विचारता मिळत होती आणि बदललेला तपशील पुढे थेट आज्ञेत जाऊन बसत होता. पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने जुलैमध्ये दुसरी काढावी लागली.

मध्यस्थच फितूर झाला तर केवढी हानी होते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला वाचकांना स्मरत असेल. त्याची रीत वेगळी होती. पण मोडली गेली ती निरोपांचीच साखळी. पैसे काढण्याच्या यंत्राकडून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणे आणि तिचे उत्तर परत आणणे, हे काम ‘स्विच’ नावाची व्यवस्था करते. हल्लेखोरांनी तोतया स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. वाटेतच ‘द्या’ असे उत्तर मिळत होते. ११ ऑगस्टच्या अवघ्या काही तासांत २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांनी ७८ कोटी रुपये आणि भारतात २,८४९ व्यवहारांनी अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाखांच्या घरात गेली. खातेवही अभंग होती, वाहतूक भ्रष्ट झाली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

आता प्रश्न असा की, जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्याने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाने यात करायचे काय? तो कार्यक्रम लिहीत नाही, तो विकत घेतो अथवा त्याचा ठेका देतो. नेमकी अडचण येथेच आहे. संदेश-मध्यस्थ स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. हजेरीच्या, लेखांच्या वा तक्रार निवारणाच्या तयार प्रणालीच्या पोटात तो बसलेला असतो, आणि घेणाऱ्याला त्याचे नावही ऐकून ठाऊक नसते. ग्रामपंचायतीने समाजमंदिर बांधायचे म्हटले तर अंदाजपत्रकात सिमेंट किती, सळई कोणत्या जाडीची, हे लिहिलेले असते. संगणक प्रणालीच्या करारात मात्र आतील माल कोणता, हे कोणी विचारीत नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती सूची ठेकेदाराकडून लेखी घ्यावी. तीत प्रत्येक घटकाची आवृत्ती असावी, आणि दोष जाहीर झाल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती बसवली जाईल हे करारात नमूद असावे. माझ्या मते दरपत्रकाच्या छाननीइतकाच वेळ या कलमांना दिला पाहिजे. ऑक्टोबर २०२३ चा अनुभव पाहता ‘पुढील तिमाहीत’ हे उत्तर चालण्यासारखे नाही.

घुसखोरीचा संशय आल्यास ती दडपण्याकडे कल असतो. नाचक्कीची भीती वाटते. परंतु सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. शासकीय कार्यालयेही यातून सुटलेली नाहीत.

नोंदींचे महत्त्व पुढील प्रकारावरून ध्यानात यावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, ॲक्टिव्हएमक्यूच्या याच जुन्या दोषातून आत शिरलेले काही हल्लेखोर आपला मुक्काम पक्का झाल्यावर ती दुरुस्ती स्वतःच बसवीत होते, जेणेकरून दुसऱ्या टोळीला तोच रस्ता सापडू नये आणि तपासणाऱ्यालाही सारे ठीक दिसावे. म्हणून तपासणीच्या वेळी ‘दुरुस्ती झाली आहे’ एवढ्या शेऱ्यावर सही करू नये. ती कोणी बसवली, कोणत्या तारखेस आणि कोणाच्या आदेशाने, हे तीन रकाने नोंदवहीत भरलेले आहेत का, ते पाहावे.