संगणकीय आलेखन : समान मानकांची आवश्यकता

बदलापूरजवळील बेलवलीच्या रस्त्यांचा व गटारांचा नकाशा संगणकावर तयार करून घेतला आणि काही वर्षांनी नव्या संगणकावर तो उघडलाच नाही, तर मोजणीचे श्रम व पैसा वाया जाईल. ही अडचण संगणकीय आलेखनाइतकीच जुनी आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाला आलेख दाखविणारा पडदा होता. मात्र त्या काळी यंत्र बदलले की आलेखनाची आज्ञावलीही नव्याने लिहावी लागे. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९७७ मध्ये 'कोअर' ही समान पद्धती सुचविली. पुढे १९८५ मध्ये 'जीकेएस' हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले.

त्याचे तत्त्व सोपे आहे. रेषा, खुणा, अक्षरे, भरीव क्षेत्रे अशा मोजक्या घटकांतून चित्र घडते. रस्त्याची लांबी आज्ञावलीत मीटरमध्येच सांगावयाची. ती पडद्यावर वा कागदावर कोठे उमटेल, याचे गणित स्वतंत्रपणे होते. म्हणून यंत्र बदलले तरी मूळ आज्ञावली बहुतांशी तशीच राहते. तयार चित्र साठवून अन्यत्र नेण्यासाठी १९८७ मध्ये 'सीजीएम' हे मानक आले.

ही मानके आता मागे पडली असली, तरी त्यांचा धडा कायम आहे. नकाशाचे काम सोपविताना प्रचलित मानकानुसार प्रत मागावी आणि देयक मंजूर करण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. गावाचा नकाशा एकाच यंत्रावर अवलंबून राहू नये.