पाण्याचा वाटा कोणाशी जोडावा? : जलनीतीतील एका मूलभूत प्रश्नाचा विचार

पाण्याविषयीचा आपल्याकडील शासकीय विचार दीर्घकाळ साठ्याभोवती फिरत राहिला. किती धरणे बांधली, किती पाणी अडविले, किती हेक्टर क्षेत्र ओलिताखाली आले, या आकड्यांनीच सिंचनाचे यश मोजण्याचा प्रघात पडला. स्वातंत्र्योत्तर काळातील अन्नटंचाई लक्षात घेता हे स्वाभाविकही होते. परंतु साठा आणि वाटप या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठा अभियंत्याच्या कौशल्याने वाढविता येतो. वाटप मात्र समाजाच्या न्यायबुद्धीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात १९६२ च्या बर्वे आयोगापासून १९९९ च्या चितळे आयोगापर्यंत झालेला प्रवास पाहिला, तर भर हळूहळू बांधकामाकडून व्यवस्थापनाकडे सरकताना दिसतो. १९८७, २००२ आणि २०१२ या वर्षांच्या राष्ट्रीय जलनीतींमध्येही हाच कल आढळतो.

शाश्वत जलनीती म्हणजे पाण्याच्या वापराला मर्यादा घालणारी नीती, एवढे तर आता सर्वमान्य झाले आहे. परंतु मर्यादा पाळली केव्हा जाते? ती आपल्या एकट्यावर लादलेली नसून सर्वांना सारखीच लागू आहे, असे जेव्हा प्रत्येकास वाटते, तेव्हाच. म्हणून पाणी किती आहे, या प्रश्नाइतकाच पाण्याचा वाटा कोणाशी जोडलेला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तो जमिनीशी जोडावा, पिकाशी जोडावा की माणसाशी? या तिन्ही उत्तरांचे प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्रात झालेले आहेत. त्यांचा तुलनेने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. फड : पिकाची सामुदायिक शिस्त

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. या बंधाऱ्यांवर चालणारी फड पद्धत काही शतकांची जुनी आहे. बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटाखाली जे ठराविक क्षेत्र भिजते त्याला ‘थळ’ म्हणतात. या थळाचे तीन किंवा चार भाग पाडलेले असतात. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, आणि उसासारखे अधिक पाणी पिणारे पीक दरवर्षी फड बदलून फिरवावयाचे, हा या पद्धतीचा गाभा होय. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे आणि राखणीचे काम जागल्याकडे असे. कोणत्याही शेतकऱ्याने आपल्या शेताचे बारे स्वतः फोडावयाचे नाही, असा दंडक होता.

या रचनेतील शहाणपण टंचाईच्या वर्षी प्रकट होते. नदीला पाणी कमी असले की त्या वर्षी किती फड भिजवावयाचे, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. ज्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली आहे, त्याला फायदाही वाटून मिळतो आणि तोटाही वाटून घ्यावा लागतो. म्हणजे येथे तुटीचेही वाटप होते. आधुनिक जलनीतीने ज्या तत्त्वाचा पुढे मोठ्या प्रयासाने स्वीकार केला, ते तत्त्व या ग्रामीण व्यवस्थेत पूर्वीपासून रुळलेले होते.

तथापि फड पद्धतीचे गौरवीकरण करून थांबणे योग्य होणार नाही. थळाच्या बाहेर ज्याची जमीन आहे त्याला, आणि ज्याला जमीनच नाही त्याला, या पाण्यात वाटा नव्हता. शिवाय ही व्यवस्था नदीच्या वाहत्या पाण्यावर उभी होती. वरच्या अंगास धरणे झाली, थळात विहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांवर पंप बसले, तेव्हा विहीरमालकास सामुदायिक पीकयोजनेत राहण्याची निकड उरली नाही. पाण्याचा दुसरा, खाजगी मार्ग उपलब्ध होताच सार्वजनिक शिस्त सैल पडते, हा या इतिहासाचा धडा होय.

२. कालवा : जमिनीशी जोडलेले पाणी

ब्रिटिश अमदानीत दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागात कालवे आले ते दुष्काळनिवारणार्थ. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीचा शेतकरी कालव्याचे पाणी घेईना, आणि खर्च तर भरून निघावयास हवा. या पेचातून ऊस पुढे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली. ब्लॉकच्या सुमारे एक तृतीयांश क्षेत्रातच ऊस घ्यावा आणि उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके घ्यावीत, अशी तिची मांडणी होती. कल्पना फडाच्या जवळची होती. परंतु फडातील सामुदायिक निर्णय तीत नव्हता. नियम शासनाचा होता, आणि शेतकरी एकेकटा शासनासमोर उभा होता.

पुढील काळात उसाने ही मर्यादा ओलांडली. महाराष्ट्रातील पिकाखालील क्षेत्राचा अल्पसा हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी घेतो, असे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतास मुबलक पाणी आणि शेवटच्या टोकास कोरडी चारी, हे चित्र राज्यभर परिचयाचे झाले. पाणीपट्टी क्षेत्रावर आणि पिकावर आकारली जात असल्याने पाणी मोजून घेण्याचे वा वाचविण्याचे कोणासही प्रयोजन नव्हते.

३. पाणी पंचायत : माणसाशी जोडलेला वाटा

१९७२ च्या दुष्काळाने या साऱ्या व्यवस्थेचा कस पाहिला. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे एका देवस्थानची पडीक जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणलोट विकासाचा प्रयोग केला. त्या अनुभवातून ‘पाणी पंचायत’ ही कल्पना साकार झाली.

पाणी पंचायतीचे नियम थोडे, पण मूलगामी होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. उसासारखी पिके वर्ज्य. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा एक भाग, सामान्यतः पाचवा हिस्सा, लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भूमिहीनासही पाण्यात वाटा.

हे शेवटचे कलम वरवर पाहता विचित्र वाटेल. ज्याला शेत नाही त्याने पाणी घेऊन काय करावे? परंतु त्याच्या हाती पाण्याचा वाटा आला की तो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकतो. जमीनदाराशी बोलताना त्याचे हात रिकामे राहत नाहीत. पाणी सार्वजनिक आहे हे तत्त्व येथे घोषणेच्या पातळीवर न राहता रोजच्या व्यवहारात उतरते.

असाच विचार महाराष्ट्रापासून दूर, हरियाणात शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या सुखोमाजरी या गावीही त्याच दशकात प्रकट झाला, हे उल्लेखनीय आहे. चंदीगडच्या सुखना तलावात येणारा गाळ थांबविण्यासाठी त्या डोंगरावरील चराई बंद होणे अवश्य होते. परंतु ज्यांची उपजीविका शेळ्यामेंढ्यांवर, त्यांनी ती का सोडावी? पी. आर. मिश्रा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे लहान बंधारे झाले आणि त्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास सारखा वाटा देण्यात आला. त्यानंतर गावाने डोंगर राखला. न्याय्य वाटप हे येथे संरक्षणाचे साधन ठरले. समता आणि शाश्वतता यांचा संबंध किती निकटचा आहे, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

पाणी पंचायतीच्या अनेक उपसा योजना कालांतराने थंडावल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. उपशाचा खर्च, बाजाराचे आकर्षण आणि सभोवतालची भिन्न व्यवस्था यांपुढे स्वेच्छेने स्वीकारलेली शिस्त टिकविणे कठीण असते. तिच्या पाठीशी कायद्याचे बळ नव्हते.

४. कायद्याचे पाऊल आणि त्याची मर्यादा

ते बळ देण्याचा प्रयत्न २००५ साली झाला. त्या वर्षी महाराष्ट्राने दोन कायदे केले. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची आणि त्या मर्यादेत पीक निवडण्याचे स्वातंत्र्य देण्याची तरतूद केली. संचालक मंडळात कालव्याच्या मुखाकडील, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांना, तसेच स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळाले. यामागे नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचा अनुभव होता. तेथे ओझर परिसरातील शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास संस्था स्थापून पाणी मोजून घेण्यास आरंभ केला, आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आले.

दुसऱ्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. खोऱ्यात तूट आली असता ती वरच्या आणि खालच्या भागांनी न्याय्य प्रमाणात सोसावी, हे तत्त्व या कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. गोदावरी खोऱ्यात त्याची कसोटी लागली. जायकवाडीत पाणी अपुरे असताना नाशिक आणि नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडावे की नाही, या वादात प्राधिकरणाने २०१४ साली निर्णय दिला. जायकवाडीचा उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र त्यात ठरले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. फडातील तुटीच्या वाटपाचा नियम जणू संपूर्ण नदीखोऱ्यास लागू झाला, असे म्हणता येईल.

परंतु या कायद्यांतही वाटा जोडला गेला तो लाभक्षेत्रातील जमिनीशीच. कालव्याखाली ज्याची जमीन नाही, त्या मजुरास सिंचनाच्या पाण्यात हक्क नाही. पाणी पंचायतीकडून कायद्याने संस्थेची कल्पना घेतली, मोजमापाचा आग्रह धरला. मात्र तिचा प्राण असलेले माणशी वाट्याचे तत्त्व बाहेरच राहिले. शिवाय २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि शहरे यांच्यातील पाण्याची विभागणी ठरविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. स्वतंत्र प्राधिकरण आणि राजकीय निर्णय यांतील सीमारेषा त्यामुळे पुन्हा धूसर झाली.

५. भूमीखालचे पाणी

याहूनही गंभीर प्रश्न भूजलाचा आहे. भारत हा जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. देशातील सिंचनाचा मोठा भार आज कालव्यांवर नसून विहिरी आणि कूपनलिकांवर आहे. आणि येथे तर पाणी जमिनीशी थेट जखडलेले आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकास आपल्या हद्दीत जमिनीखालचे अनियत मार्गाने जाणारे पाणी घेण्याचा अधिकार मान्य केला. पंप नसलेल्या काळात त्याने फारसे बिघडले नाही, कारण मोटेने उपसून किती उपसणार? विजेच्या पंपाने मात्र हा अधिकार शेजाऱ्याची विहीर कोरडी करण्याचा परवाना बनला. भूजलाचा थर बांधाबांधाने विभागलेला नसतो. ज्याच्याजवळ अधिक खोल जाण्याचे भांडवल, त्याचे पाणी, असा न्याय रूढ झाला.

२०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने पाणी हे लोकांच्या वतीने शासनाने विश्वस्त म्हणून सांभाळावयाचे सामुदायिक साधन मानले आणि सुविधाधिकार अधिनियमात बदल करावा लागेल, असे सूचित केले. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलात आला. त्यात साठ मीटरहून खोल नव्या सिंचन विहिरींस मनाई आणि पाणलोटनिहाय समित्यांची योजना आहे. परंतु लक्षावधी विहिरींवर पहारा ठेवणे कोणत्याही कार्यालयास शक्य नाही. ते काम गावच करू शकते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने ते केले. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यानुसार पिके ठरविते आणि सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास मनाई करते. आरंभी वर्णिलेल्या फडाचेच तत्त्व तेथे भूगर्भातील पाण्यास लावलेले दिसते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पाणी मोजल्याविना कोणतेही वाटप न्याय्य होऊ शकत नाही. दुसरी, नियम करणारा आणि नियम पाळणारा यांत जेवढे अंतर कमी, तेवढी शिस्त अधिक टिकते; परंतु गावाच्या शिस्तीस कायद्याचा आणि खोऱ्याच्या नियमाचा आधार नसेल तर ती एकाकी पडते. तिसरी आणि सर्वांत मूलभूत गोष्ट ही की, जोवर पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीची सावली म्हणून राहील, तोवर जमिनीतील विषमता पाण्यातही उतरेल, आणि ज्यांचा वाटाच नाही त्यांच्याकडून मर्यादेची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार समाजास राहणार नाही.

हा बदल एका कायद्याने घडून येणार नाही, हे खरे. परंतु नव्याने निर्माण होणाऱ्या पाण्यात, म्हणजे पाणलोट विकासातून, गावतळ्यांच्या दुरुस्तीतून किंवा सार्वजनिक खर्चाच्या उपसा योजनांतून मिळणाऱ्या पाण्यात, गावातील प्रत्येक कुटुंबाचा वाटा आरंभापासूनच मान्य करणे अशक्य नाही. तेथे कोणाचा जुना हक्क हिरावला जात नाही. नायगाव आणि सुखोमाजरी येथे हे होऊ शकले. ते कायद्याच्या आधाराने इतरत्र का होऊ नये, या प्रश्नाचे उत्तर यापुढील जलनीतीस द्यावेच लागेल.